टेलला पाणी

बाथरूमची फरशी मी स्वतः बसवायची ठरवली, यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ओरडायला मात्र सगळे पुढे!

सुरुवात बालाजी मिस्त्रीने केली. तीन आठवडे तो 'उद्या येतो' म्हणत होता. फोन केला की, "यायलोच सायेब, गाडीवर हाय," आणि मागे कुकरची शिट्टी. (गाडीवर कुकर लावणारा मिस्त्री अख्ख्या परभणीत हा एकच.) इकडे जुन्या फरशा डुगडुगत होत्या आणि शनिवारी पेडगावहून सासरे येणार होते. सोमवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

"आप्पांला नीट दिसंना. तिथं घसरले तर डोळ्याच्या आधी कंबरेचं ऑपरेशन करावं लागंल," माझी बायको, धम्मशीला, म्हणाली.

सासऱ्यांचा आणि माझा एक जुना विषय आहे. मी कालव्याच्या ऑफिसात कारकून. कालवा सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल. आणि भगवानरावांचं, म्हणजे सासऱ्यांचं, दोन एकर रान नेमकं टेलला! बारा वर्षं ते दर हंगामाला माझ्या टेबलावर अर्ज ठेवतात, 'विषय : टेलला पाणी मिळणेबाबत', आणि बारा वर्षं मी सांगतो, "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." मी तरी काय करणार? साहेब खरोखरच मीटिंगला जातात! पण सासरे चार पाहुण्यांत म्हणतात, "आमचे जावई लय हुशार. कागदावर." हे 'कागदावर' मला बारा वर्षं सलतंय. एकदा तरी या माणसाच्या तोंडून मला चांगलं ऐकायचं होतं.

मोबाइलवर एकोणीस व्हिडिओ पाहिले. थापी, रबरी हातोडी, टाइल्स, सिमेंट आणलं. रजा टाकली. जुन्या फरशा काढत होतो तर शेजारच्या कमलबाई दारात.

"काय फोडायलाव?"

"फोडत नाही. फरशी बसवतोय."

"मंग आवाज फोडल्यावानी का यायलाय?"

अशा माणसांना उत्तर देऊ नये.

सिमेंट कालवणं मी शिकलो. (पहिल्या घाण्यात माझी डाव्या पायाची चप्पल गेली. ती अजून तिथंच आहे, तिसऱ्या टाइलखाली.) अंदाजापेक्षा सिमेंट जरा जास्त झालं, त्यामुळे फरशी वर येऊन उंबऱ्याच्या बरोबरीला आली. उलट बरंच झालं, म्हाताऱ्या माणसाला अडखळायला जागाच नको.

राहिला ढाळ. सगळे व्हिडिओवाले बजावतात, पाण्याला ढाळ द्या. कोणत्या बाजूला ते एकही शहाणा सांगत नाही! पण मला कुणी सांगायची गरजच काय? पाणी हेडकडून टेलकडे जातं. बाथरूमचं हेड म्हणजे नळ. टेल म्हणजे नळापासून सगळ्यांत लांबची जागा, म्हणजे दार. मी रीतसर नकाशा काढला, खाली तारीख घालून सही केली आणि त्याबरहुकूम दारापर्यंत एकसारखा ढाळ दिला.

"अहो, पण पाणी जायची जाळी नळाखाली हाय ना?" धम्मशीला म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. हे टेक्निकल काम आहे."

शनिवारी सासरे आले. वाकून टाइल्सवर हात फिरवला, पाय दाबून पाहिला.

"हालंना की! तुमी सोता बसिवली, जावईबापू?"

"हो."

"भले!"

बारा वर्षांत पहिला 'भले'! मला भरून आलं. उद्घाटनाची अंघोळ मीच करतो म्हणालो. सासरे बाहेर हॉलमध्ये, बाथरूमच्या दारासमोर टाकलेल्या गादीवर टेकले. मी दार लावून चांगल्या सहा बादल्या घेतल्या. आणि काय सांगू, फरशीवर थेंब साचला नाही! पाणी कुठं गेलं कळलंसुद्धा नाही. इतकी सफाई बालाजीच्या बापजन्मात जमली नसती. मी आतूनच ओरडलो, "आप्पा, बघा, पाणी कसं पळतंय!"

"बघायलोय," बाहेरून आवाज आला.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. सासरे भिजलेल्या गादीवर उभे होते. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हाताने दवाखान्याची फाइल डोक्यावर धरलेली. एक्स-रेचं पाकीट सोफ्याखाली तरंगत चाललं होतं. वास्तविक कुणीतरी आधी म्हणायला हवं होतं की ढाळ तरी अचूक आहे! कुणी म्हणालं नाही.

"धम्मा, कागद घे. लिही," सासरे म्हणाले. "विषय : टेलला आलेलं पाणी ताबडतोब बंद करण्याबाबत."

तिने फाइलच्या पाठीवर लिहिलं. त्यांनी सही केली आणि तो अर्ज गंभीरपणे माझ्यापुढे धरला. आणि माझ्या तोंडातून, शपथेवर सांगतो, आपोआप निघून गेलं, "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या."

धम्मशीलाने माझ्या हातात फडकं दिलं.

"सायेब येईपर्यंत शिपाई पुसून घेईल," ती म्हणाली.