बोरस्ते साहेबांची बाटली आणि भाऊजींची बादली

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी ऐसपैस आहे आणि बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर माझ्याच घरची एक कथा ऐकवतो. देवाधर्माची आहे, आणि वाइनचीही आहे. दचकू नका.

पुसदमध्ये कीर्तनाची पारख माझ्याइतकी कुणाला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बुवांनी नमनाला सूर लावला की उत्तररंग कसा रंगणार ते मी ओळखतो. तेव्हा वाइन निवडायची वेळ आली तर मी म्हटलं, त्यात काय अवघड? एक थेंब न चाखता निवडतो.

वेळ आली मितालीमुळे. आमची लेक नाशिकला नोकरी करते. तिथे तिनं मंदार पसंत केला. मंदारचे वडील बोरस्ते साहेब द्राक्षं पिकवतात आणि त्याच द्राक्षांची वाइन करतात. मंदारची आधीची सोयरीक ह्याच कारणानं फिसकटली होती. मुलीकडच्या माळकरी मंडळींनी नाकं मुरडली. तेव्हापासून साहेबांचा शब्द पक्का होता : "माझ्या कामाला कमी लेखतात त्या घरची मुलगी नको." आणि इथे माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मितालीनं फोनवर हे सगळं सांगून "बाबा, आता तुम्हीच बघा" म्हटलं.

मी ठरवलं, पाहुण्यांच्या जेवणात वाइन असणार, तीही निवडक.

"पुसदात नका घेऊ," रजनी, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली. "अख्खं भजनी मंडळ पाहील."

म्हणून यवतमाळला गेलो. दुकानात शिरलो, तर गल्ल्यावर आमच्या सप्ताहातला मृदंगवाला हिरासिंग.

"काका, बँक पलीकडं हाय."

"बँक नको. वाइन दाखव. गावं वेगळी, सालं वेगळी."

त्यानं एकदा माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं आणि निमूट बाटल्या मांडल्या.

"नाशिकची दोन हजार अठराची दे," मी म्हटलं. "त्या साली पाऊस बेताचा होता. द्राक्ष गोड उतरलं असणार."

"कुठं बेताचा होता?"

"पुसदला."

"काका, बाटली नाशिकची हाय न."

"ढग काय जिल्ह्याची हद्द पाहून बरसतात? आता सोलापूरची एकवीसची. त्या साली आमच्याकडच्या फुलसावंगीचा हरभरा काय मातला होता! थंडी चांगली पडली असणार."

"अन् कर्नाटकची?"

"एकोणीसची. त्या वर्षी तिकडचे बुवा आले होते. आवाज भारदस्त, शेवट मऊ."

"त्या साली माझा मृदंग फुटलता."

"म्हणूनच साल ध्यानात आहे."

हिरासिंगनं हात जोडले. मला तो आदर वाटला.

पाहुणे आले. बोरस्ते साहेब माणूस कमी बोलणारा. त्यांनी पिशवीतून एक धुळकट बाटली काढून माझ्या हाती दिली. "माझ्या पहिल्या काढणीतली. एवढीच उरली आहे. ठरलं, तर फोडू."

मी ती माझ्या बाटल्यांशेजारी ओट्यावर ठेवली. स्वयंपाकघरात होते भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सदाशिवराव. नेरच्या सप्ताहात हयातभर पंगती वाढलेला माणूस.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

'वाइन' म्हणायला माझी जीभ रेटेना. "द्राक्षाचं आहे," मी म्हटलं. "ही आधी वाढा, ही वांग्याच्या भाजीसोबत, ही शेवटी. क्रम सांभाळा."

पंगत बसली. भाऊजी आले. हातात स्टीलची बादली, बादलीत ओगराळं, वर बर्फाचे खडे आणि बुचं तरंगताहेत.

"राम कृष्ण हरी," म्हणत त्यांनी पहिला पेला भरला.

मी उठून त्यांना गाठलं. "भाऊजी, सगळ्या एकत्र?"

"मंग काय? एकाले हे न दुसऱ्याले ते? पंगतीत भेद आपल्याच्यानं होत नाही, राजेहो. बुचं निघेनात, बत्त्यानं आत ढकलली."

"ती धुळकट बाटली?"

"पुसून घेतली न."

मी जागेवर येऊन बसलो. भाऊजी एकेका पेल्याला हरिनाम घेत पुढे सरकत होते. माझ्या इंदू आत्यांनी पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. "कोकम झकास झालं," म्हणाल्या. माझाही पेला भरला गेला.

बोरस्ते साहेबांनी पेल्यात तरंगणारं बूच चिमटीत धरलं. आपल्याच बाटलीचं, हे ओळखलं. त्यांचा चेहरा उतरला. मिताली ताटाकडे पाहत होती. साहेब माझ्या पेल्याकडे पाहत होते. प्यालो तर माळ जाते, नाही प्यालो तर मुलीचं लग्न. पांडुरंगाची क्षमा मागून मी पेला उचलला.

साहेबांनी माझं मनगट धरलं.

"ठेवा खाली. माळ दिसते आहे." मग बूच ताटाच्या कडेला ठेवून म्हणाले, "माझी वाइन लोकांनी लपून प्यायली, तोंडावर नावं ठेवली. देवाचं नाव घेऊन कुणी वाढली नव्हती."

"झालं ते बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं ती बाटली पुसायचं काम माझ्याकडे होतं."

साहेबांनी माझा पेलाही संपवला. डोळे मिटून म्हणाले, "नाशिक. सोलापूर. हे कर्नाटक. ही माझी. पण पाचवं कळत नाही. कढीपत्ता?"

"सकाळी बादलीत कढी होती," तेवढ्यात दारात आलेले भाऊजी म्हणाले. "धुतली होती न."

लग्न ठरलं. भाऊजींना अजून ठाऊक नाही त्यांनी काय वाढलं ते. नेरला भेटले तर सांगू नका, पाया पडतो. फक्त पुढच्या पंगतीला बसाल आणि कुणी हरिनाम घेत सगळ्यांना एकाच बादलीतून वाढत येईल, तेव्हा आमच्या सदाशिव भाऊजींची आठवण ठेवा. माझ्या पारखीची नाही ठेवली तरी चालेल.