आमचा राजीनामा

मालिका सुचवायची तर ती सुमंत परचुरेनेच, असं सुमंत परचुरेचं ठाम मत होतं. बाकीच्यांचा त्याला संताप यायचा. "हे बघच" म्हणून एक नाव अंगावर फेकायचं आणि मोकळं व्हायचं, ही काय रीत झाली? बीपीच्या पेशंटला खुनाची मालिका सुचवतात. नुकता घटस्फोट झालेल्याला प्रेमाची. असल्या लोकांचे फोन जप्त केले पाहिजेत. बँकेत कुणी "काय बघू?" विचारलं की सुमंत आधी त्याचं वय विचारायचा, मग झोप किती लागते, मग बायकोशी कितपत जमतं. एवढ्या चौकशीनंतर निम्मे लोक काही न बघताच पळून जात. उरलेले आपलं नाव काढतात, असं तो स्वतःच सांगायचा.

सुमंत मूळचा साताऱ्याचा, बदली होऊन बनारसला आलेला. दोन वर्षांत त्याला मुक्ता भेटली आणि मुक्तामागोमाग तिचे वडील भेटले. काशीनाथशास्त्री पाटणकर रामघाटावर राहत. संस्कृतचे निवृत्त मास्तर. घराणं आठ पिढ्या काशीत. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, बाहेर सगळा कारभार हिंदीत. सुमंत-मुक्ताच्या लग्नाचा विषय काढला की ते चार महिने "देखते हैं" एवढंच म्हणत होते. आता ज्येष्ठ अर्धा उलटला होता. आषाढी एकादशीच्या आत होकार आला नाही, तर पुढचे चार महिने मुहूर्तच नव्हते.

अशात शास्त्रीबुवा बालाजी घाटाच्या पायरीवरून घसरले आणि दीड महिन्यासाठी पाय प्लास्टरमध्ये गेला.

"बाबा पडून पडून कंटाळलेत," मुक्ता म्हणाली. "टीव्हीला नेट जोडून दिलंय मी. तू काहीतरी सांग त्यांना बघायला. पण संभाळून हं. मुकदम्यामुळे डोकं आधीच गरम आहे."

मुकदमा देवव्रतकाकांशी होता. देवव्रतकाका म्हणजे शास्त्रीबुवांचे चुलतभाऊ, त्याच घरात खालच्या मजल्यावर राहणारे. घाटाकडे उघडणारा दरवाजा कुणाचा, यावर अकरा वर्षं कोर्टात तारखा पडत होत्या. दोघंही रोज त्याच दरवाजातून येत-जात आणि एकमेकांकडे बघून थुंकायचं तेवढं बाकी ठेवत.

सुमंतने दोन दिवस विचार केला. मारामारी नको, चुंबन नको, हिंदी शिव्या नकोत. शेवटी सापडली. मराठी मालिका, दहा भाग. एक कारकून दर भागात राजीनामा लिहितो आणि खिशात ठेवून परत कामाला लागतो. मालिकेचं नाव 'आमचा राजीनामा'. सुमंतने मेसेज पाठवला:

"काका, आमचा राजीनामा जरूर बघा. एकूण दहा भाग केलेत. पहिले दोन भाग जरा जड जातील, पण शेवटी मन हलकं होईल. देवव्रतकाकांनाही परवा दाखवला, त्यांनी एका बैठकीत संपवला. मुक्तालाही पसंत आहे."

अवतरणचिन्हं टाकली नाहीत. फोनवर कोण टाकतं?

वीस मिनिटांत शास्त्रीबुवांचा फोन आला.

"सुमंतराव, हे दहा भाग कुणी पाडले?"

"बनवणाऱ्यांनीच, काका. नीट विचार करून पाडलेत."

"वकील कोण होता?"

सुमंतला बरं वाटलं. माणूस रस घेतोय. "वकील चौथ्या भागात आहे."

"चौथा भाग अख्खा वकिलाला?"

"जवळजवळ अख्खा. छान काम केलंय त्याने."

"केलं असणारच. आणि दरवाजा?"

"दरवाजा?" सुमंतने डोकं खाजवलं. "हां, दरवाजा शेवटच्या भागात येतो. तो उघडून माणूस कायमचा बाहेर पडतो. तिथे रडू येतं, काका."

"मला आत्ताच येतंय." शास्त्रीबुवांचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं लढलो मी. आणि तुम्ही परवा बनारसला आलेले, त्या देवव्रतच्या ओसरीवर बसून एका बैठकीत माझं घर संपवलंत? माझ्या पोरीलाही सामील करून घेतलंत? या घराची पायरी चढू नका."

फोन बंद.

संध्याकाळी मुक्ता घाटावर भेटली ती कपाळाला हात लावूनच.

"आमच्याकडे राजीनामा म्हणजे समझौता. मुकदमा चालू असतो ना, त्यात दोन्ही पार्ट्या सही करतात, तो कागद."

"राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद," सुमंत म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्राला विचार."

"तो इस्तीफा."

"अगं, मराठी आहात ना तुम्ही? मग हे आधी सांगता येत नव्हतं?"

"मला काय माहीत, तू होणाऱ्या सासऱ्याला इस्तीफा पाठवशील?"

मुक्ताने घरी जाऊन सगळं उलगडून सांगितलं. शास्त्रीबुवा शांत झाले. मग उठून बसले आणि त्यांनी पुन्हा फोन लावला.

"सुमंतराव, तुम्ही बँक सोडताय."

"नाही हो काका, मालिकेतला माणूस सोडतो."

"आमचा, असं लिहिलंय तुम्ही. वाचता येतं मला. लग्न ठरायच्या आधी नोकरी सोडणाऱ्याला मी मुलगी देऊ?"

"मी कुठेही काही सोडत नाहीये."

"मग तसं बँकेतून लिहून आणा. साहेबाची सही, शिक्का. मग देखते हैं."

दुसऱ्या दिवशी रामघाटाच्या गल्लीपासून बँकेपर्यंत सुमंत "इस्तीफा, इस्तीफा" घोकत गेला. मॅनेजर तिवारीजींसमोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि साताराच बाहेर पडला.

"सर, एक चिट्ठी चाहिए कि मैंने राजीनामा नहीं दिया है। ससुरजी को दिखानी है।"

तिवारीजींनी चहाचा कप खाली ठेवला. "ससुर से ही चल रहा है? शादी से पहले?"

"वही तो रोके बैठे हैं, सर।"

तिवारीजींचा स्वतःचा शेताच्या बांधाचा मुकदमा जौनपूरला एकोणीस वर्षं चालू होता. त्यांचे डोळे भरून आले. स्टेनोला न बोलावता त्यांनी स्वहस्ते चिठ्ठी लिहिली, शिक्का दोनदा मारला आणि पाकीट डिंकाने चिकटवलं. "बंद ही दीजिएगा परचुरेजी। असर पड़ता है।"

शास्त्रीबुवांनी पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचलं.

"प्रमाणित किया जाता है कि श्री सुमंत परचुरे ने आज तक किसी भी पक्ष से कोई राजीनामा नहीं किया है, और न आगे करने का उनका कोई विचार है।"

मुक्ताने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

शास्त्रीबुवांनी चिठ्ठी दुसऱ्यांदा मनात वाचली. चष्मा काढून पुसला.

"कुठल्याच पक्षाशी नाही?"

आता नाही म्हणावं की हो म्हणावं, हे सुमंतला कळेना. तो म्हणाला, "नाही."

"पुढेही विचार नाही?"

"नाही."

"अकरा वर्षं या घरात असा एक माणूस शोधतोय मी," शास्त्रीबुवा सावकाश म्हणाले. "माझा सख्खा मुलगा, तो रोहन, पुण्यात बसून फोनवर सांगतो, बाबा, मिटवून टाका. बँक सोडा न सोडा, मुलगी तुम्हाला दिली. मुक्ता, पंचांग आण. एकादशीच्या आतलाच मुहूर्त काढू."

सुमंत त्यांच्या प्लास्टरच्या पायावरच डोकं ठेवून नमस्कार करायला वाकला, तोच शास्त्रीबुवांनी दुसऱ्या पायाने खाटेखालून एक कापडी गठडी पुढे सरकवली. आत अकरा वर्षांची कागदपत्रं होती.

"बावीसला तारीख आहे. या पायाने मला कचहरीत जाता येणार नाही. आता तुम्हीच जायचं."

"काका, बावीसला बँकेत ऑडिट आहे."

"रजा काढा."

"नाही मिळणार हो."

"मग तुमच्याकडचा तो राजीनामा द्या," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.