चंद्रीनं तोंड फिरवलं की

म्हशीनं घमेल्याकडं पाठ फिरवली की खूश होणारा माणूस मी एकच पाहिला, दिनकरतात्या. आष्ट्याजवळच्या एका कारखान्यात मक्यापासून इथेनॉल काढायचे, आणि मका आंबवायच्या टाक्या तात्यांकडं होत्या. उरलेला चोथा ते रोज डब्यात भरून घरी न्यायचे आणि आपल्या म्हशीपुढं, चंद्रीपुढं ठेवायचे. तिनं नुसतं हुंगलं की मांडीवर थाप. "निघाला गड्या, सगळा कस निघाला." घमेलं चाटलं, तर तात्यांचं जेवण उडालं. चोथा गोड लागतो म्हणजे तेवढं इथेनॉल वाया गेलं. प्रयोगशाळेचा कागद यायच्या आत त्यांचा निकाल लागलेला असायचा. आता तिथं पडद्यावर आकडे दिसतात, पण त्यात ती मजा नाही.

त्या कारखान्याला मी मका घालायचो. सायकलवर पोती वाहून वर आलोय. मालाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. एका हंगामात इथेनॉलचा उतारा घसरला आणि मॅनेजरनं फाटकावर, सगळ्या ड्रायव्हरांदेखत, माझा मका किडका ठरवला. गाड्या बंद. मी घसा बसेपर्यंत भांडलो. शेवटी तात्यांनी मला बाजूला ओढलं.

"आवं शेठ, गप बसा जरा. चंद्री चार दिस घमेलं चाटतीया. मका झ्याक हाय, दळण जाडं पडतंय, कस चोथ्यातच ऱ्हातोय."

तात्यांनी हट्टानं गिरणी उघडायला लावली. चाळण फाटलेली निघाली. ती बदलली, उतारा चढला, माझ्या गाड्या आत गेल्या. मॅनेजरनं मात्र अजून चूक कबूल केलेली नाही. मला खरं ठरवलं ते एका म्हशीनं, हे मी विसरणार नाही.

तेच तात्या दर रविवारी माझ्याकडून अर्धं पोतं मका न्यायचे. एक नंबरचा, आणि भाव न करता. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला सोसत नाही. एकदा ते छत्री विसरले, ती द्यायला घरी गेलो. काकी, म्हणजे तात्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झालेली, पोरं पुण्याला. तात्या गोठ्यात बसून भिजवलेला मक्याचा भरडा चंद्रीला ओंजळीनं भरवत होते.

"दिवसभर दाणा पिळून घेता, आणि घरी हे?" मी म्हणालो.

तात्या ओशाळले. "रेडकू हुती तवा आमच्या मंडळींनी हिला हातानं भरवलीया. ह्या घरात कुणीतरी पोटभर जेवलेलं दिसावं, बास."

पुढच्या रविवारी मी आपणहून भाव उतरवला. तात्या भडकले. चंद्रीच्या जेवणात सवलत नको म्हणाले, आणि पूर्ण पैसे ठेवून गेले.