बेट-प्रवास नियोजन मंडळ

एका जंगलात, जिथून समुद्र इतका लांब होता की त्याच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी खपून जायचं, तिथं सुकलाल नावाचा एक साळिंदर राहत होता. सगळे त्याला जिभाऊ म्हणत. त्याच्या बायकोचं नाव कौतिकाबाई.

बाळांनो, साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेलं, मातीतले कंद उकरून खाणारं जनावर. दिसायला रागीट, स्वभावानं गरीब. जिभाऊ तर फारच गरीब. साधं बिळाचं तोंड रुंद करायचं म्हटलं तरी तो आधी शेजारीपाजारी विचारून यायचा. जितकी तोंडं तितके सल्ले मिळायचे. मग बीळ होतं तसंच राहायचं.

त्याच बिळात कौतिकाबाईनं पोरं वाढवली. पोरं मोठी झाली, आपापल्या डोंगराला लागली. जन्मभर तिनं माती उकरली ती कुणाच्या ना कुणाच्या जेवणासाठी. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पाठीवरचे काटे पांढरे व्हायला लागले होते.

अशात एका हिवाळ्यात तळ्यावर करकोचा उतरला. यायचा तो दरवर्षीच, पण या खेपेला त्यानं धंदा सुरू केला होता. गळ्यात शंख अडकवला होता आणि बोलण्यात आदब आली होती. तो जंगलातल्या जनावरांना बेटावर फिरायला पाठवायचा. नदीतून ओंडक्यावर बसून खाली जायचं. नदी संपली की समुद्रातलं मोठं कासव पाठीवर घेतं. मग आलंच बेट. तिथं पांढरी वाळू, निळं पाणी आणि पाण्यात खांब रोवून बांधलेल्या झोपड्या. सकाळची न्याहारी करवंटीत बसून तरंगत दाराशी येते. हाताखाली खेकडे असतात.

कौतिकाबाईनं विचारलं, "आणि तिथं काम काय करायचं?"

"काहीच नाही, वहिनी," करकोचा म्हणाला. "हीच तर तिथली मोठी सोय."

मग त्यानं गळ्यातला शंख काढून तिच्या कानाला लावला.

कौतिकाबाई चावायची थांबली. तोंडातला कंद तोंडातच राहिला. कुठून तरी लांबून काहीतरी येत होतं, मागं जात होतं, पुन्हा येत होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग जिभाऊला म्हणाली, "अहो, गुडघे चालतायत तोवर हे एकदा बघायचं."

लग्न झाल्यापासून तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. जिभाऊला भरून आलं. तो म्हणाला, "जाऊ की. थांब, जरा कुणाला तरी विचारून येतो."

बाळांनो, घोटाळा झाला तो इथं.

जिभाऊ गेला दौलतआबा तरसाकडे. आबानं समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्या साडूनं पाहिला होता, म्हणजे घरातलीच गोष्ट झाली. आबानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. एवढा मोठा प्रवास असा उठून करायचा नसतो, संध्याकाळी अंजनाच्या झाडाखाली बसू, म्हणाला. संध्याकाळी शेवंता लांडोर आली. वानरगुरुजी आले. ज्यांना काही काम नव्हतं ते आले, आणि ज्यांना होतं ते टाकून आले.

पहिला प्रश्न निघाला मिठाचा. आबाचं म्हणणं, समुद्र आख्खा खारट, तिथं मीठ नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शेवंता म्हणाली, खारट पाण्यात स्वयंपाक करून बघा एकदा, मग कळेल. गुरुजी म्हणाले, दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत. त्यावर विचार करण्यात हिवाळ्यातले बरेच दिवस गेले. शेवटी थोडं मीठ न्यायचं, पण तिथं कुणाला दाखवायचं नाही, असं ठरलं.

मग निघालं ते काहीच न करण्याचं. काहीच करायचं नाही, तर दिवसभर करायचं काय, हे कुणाच्या डोक्यात बसेना. गुरुजींनी वाळूवर रेघा ओढून वेळापत्रक आखलं. उन्हं येईपर्यंत निवांत बसणे. त्यानंतर विश्रांती. जेवण झाल्यावर थोडा आराम, आणि तो करून दमल्यास झोप. जिभाऊनं भीत भीत विचारलं की आराम आणि विश्रांतीची अदलाबदल झाली तर चालेल का. गुरुजी म्हणाले, तसं केलं तर घडी विस्कटेल.

सवय असावी म्हणून नदीच्या वाळूत सराव सुरू झाला. भर दुपारी आख्खं जंगल उताणं पडून असायचं. कौतिकाबाई तेवढी कंद उकरायला जायची, कारण सराव करून आलेल्यांना भूक फार लागायची.

ती संध्याकाळी झाडाखाली मागच्या बाजूला बसायची. रोज तिला वाटायचं, आज ठरेल. आणि रोज काहीतरी ठरायचंच, पण निघायचं सोडून.

एके दिवशी शेवंताला आठवलं की तिची मानलेली भाची, एक पाणमांजर, समुद्राच्या बाजूला दिलेली आहे. समुद्राच्या बाजूला म्हणजे बेटाजवळच असणार. झालं. घरचं माणूस तिथं असताना परक्याच्या झोपडीत उतरायचं म्हणजे भाचीचा अपमान. पाण्यावरची झोपडी रद्द झाली. भाचीकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, करायला घेतले. सगळ्या खडकांवर बिबडे वाळत पडले. वाळले तसे मंडळी चाखून बघू लागली. चाखता चाखता संपले. पुन्हा करायला घेतले.

तोवर उन्हाळा आला आणि करकोचा उडून गेला.

"पुढच्या वर्षी नक्की," जिभाऊ म्हणाला.

कौतिकाबाईनं मान डोलावली. ती भांडखोर नव्हती. फक्त अलीकडे पाण्याला जाताना ती चढावर मध्येच थांबायची, गुडघा चोळायची, आणि थोडा वेळ नदी वाहत जाते त्या बाजूला बघत राहायची.

पुढच्या वर्षी करकोचा आला तेव्हा जंगलात रीतसर मंडळ झालं होतं. नाव, बेट-प्रवास नियोजन मंडळ. अध्यक्ष अर्थातच जिभाऊ. दौलतआबा सल्लागार. मंडळाचा वर्धापनदिन झाला. त्यात जिभाऊला केळीच्या पानाची शाल पांघरून "पर्यटनभूषण" म्हणून गौरवलं. शालीला काट्यांची भोकं पडली, पण टाळ्या खूप झाल्या. शेजारच्या जंगलातूनही त्याला बोलावणी येऊ लागली. तो जायचा आणि बेटावर जाताना घ्यावयाची काळजी या विषयावर बोलायचा. इतकं छान बोलायचा की ऐकणारे घाबरून घरीच राहायचे.

बाळांनो, जिभाऊ वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो बायकोसाठी झटतोय. आणि जन्मभर इतरांना विचारत आलेल्या माणसाला आता इतर विचारायला लागले होते. हे सुख सोडवत नाही, भल्याभल्यांना सोडवत नाही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी करकोचा स्वतःच कौतिकाबाईकडे आला. म्हणाला, "वहिनी, कासव नदीच्या तोंडाशी आलंय. तुमच्या मंडळाचं कुठवर आलं?"

मंडळाचं तेव्हा असं चाललं होतं, की कासवाच्या पाठीवर अध्यक्षांनी पुढं बसावं की मागं. पुढं बसलं तर लाटा अंगावर येतात. मागं बसलं तर अध्यक्ष मागं बसल्यासारखं दिसतं. चर्चा रंगात आली होती.

कौतिकाबाई उठली. चढ नव्हता, उतारच होता, तरी गुडघा कुरकुरला. त्या कुरकुरीनंच बहुतेक तिचं ठरलं. ती जिभाऊपाशी गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मी येते जाऊन."

"बरं," जिभाऊ म्हणाला. त्याचं लक्ष आबाच्या बोलण्याकडे होतं.

कौतिकाबाई नदीवर गेली आणि ओंडक्यावर बसली. बरोबर बिबडा नाही, मिठाचा खडा नाही.

बेट करकोच्यानं सांगितलं तसंच होतं. असं धंद्यात कधी होत नाही, पण झालं खरं. खेकड्यांनी तिला झाडांना बांधलेल्या झोळीत निजवलं. काट्यांनी झोळी फाटली आणि ती धप्पकन खाली आली. खेकड्यांनी मुकाट्यानं दुसरी आणली, तीही फाटली. मग त्यांनी आपापसात डोळे फिरवले आणि तिला वाळूतच जागा करून दिली.

पहिला दिवस तिला करमलं नाही. हात शिवशिवायला लागले. म्हणून ती लाटांपाशी गेली आणि सवयीनं खड्डा उकरला. आत कंद नव्हता. मूळ नव्हतं. एक लाट आली आणि खड्डा बुजवून गेली. कौतिकाबाई बघत राहिली. तिनं पुन्हा उकरला. लाटेनं पुन्हा बुजवला. आयुष्यात पहिल्यांदा ती असा खड्डा काढत होती की त्यातून कुणाला काही वाढायचं नव्हतं. तिला हसू आलं. बारीक हसू आलं, मग मोठं, मग इतकं की अंगावरचे सगळे काटे खुळखुळायला लागले आणि खेकडे धावत आले, बाईंना काही होतंय का बघायला.

रोज ती खड्डे काढायची. रोज समुद्र बुजवायचा. मध्येच तिला जिभाऊची आठवण यायची. तो असता तर त्यानं लाटेला विचारलं असतं, खड्डा कुठं काढू म्हणून.

मन भरलं तशी ती परत निघाली.

जंगलात पोचली तर मंडळाची बैठक चालूच होती. मात्र विषय बदलला होता. कौतिकावहिनी हरवल्या आहेत, त्यांना शोधायला जायचं ठरलं होतं, आणि जाताना बरोबर काय काय न्यायचं यावर मतभेद झाले होते. जिभाऊ अध्यक्षाच्या दगडावर बसला होता. पण त्याचे काटे मलूल पडलेले होते. कुणी काही विचारलं तर तो नदीकडे बघायचा.

कौतिकाबाई नेहमीच्या जागी, मागं जाऊन बसली. जिभाऊनं तिला पाहिलं. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"कुठं होतीस?"

"बेटावर जाऊन आले," ती म्हणाली.

मग आबानं घसा साफ केला आणि भाचीचं घर कसं आहे विचारलं. भाची भेटली नाही, ती म्हणाली. विश्रांती किती वेळ घेतली, गुरुजींनी विचारलं. विश्रांती कधी आणि आराम कधी ते लक्षात राहिलं नाही, ती म्हणाली. मग दिवसभर केलं काय, शेवंतानं विचारलं.

"खड्डे काढले."

एकच हशा पिकला. आबानं डोळे पुसले. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, खड्डे इथं काय कमी होते? तुम्ही गेलात ते दुसरीकडे कुठं तरी. बेट आम्हाला विचारा. आम्ही इतकी वर्षं काढलीत त्यात."

गुरुजींनी लगेच ठराव मांडला. सदर प्रवास मंडळाच्या नियोजनाप्रमाणे न झाल्यामुळे तो झाला नाही असं समजण्यात यावं. हात वर झाले. राहिला फक्त अध्यक्षांचा.

जिभाऊनं बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, ती रडत असेल, नाहीतर चिडली असेल. ती हसू दाबत होती. तिच्या पाठीवरचे काटे हलकेच खुळखुळत होते. हा आवाज त्यानं तिच्या अंगातून कधी ऐकलाच नव्हता.

सगळे वाट बघत होते. जिभाऊनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडेही न बघता उत्तर दिलं.

"ती कुठं गेली ते मंडळ ठरवू दे," तो म्हणाला. "मी कुठंच गेलो नाही, एवढं मला नक्की माहीत आहे."

तो दगडावरून उतरला आणि मागं जाऊन तिच्याशेजारी बसला. खालच्या आवाजात त्यानं विचारलं, पावसाच्या आत कासवाची आणखी एखादी खेप होणार आहे का. होणार होती.

"मग कधी निघायचं?"

"तुम्ही उठलात की निघालो," कौतिकाबाई म्हणाली.

जिभाऊनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. आणि उठला. दोघं नदीच्या उतारानं चालायला लागली. वाटेत तिचा गुडघा कुरकुरला, तेव्हा त्यानं तिला खांदा दिला. तो तिला टोचला, ती त्याला टोचली, पण साळिंदरांना त्याचं काही वाटत नाही.

इकडं मंडळापुढं मोठाच पेच पडला. अध्यक्ष न विचारता बेटावर गेल्यामुळे जागा रिकामी झाली होती. नवा अध्यक्ष असा हवा होता, जो कुठंही जाणार नाही. लायक उमेदवार इतके निघाले की आज कितीतरी वर्षं झाली, अंजनाच्या झाडाखाली चर्चा चालू आहे. वातावरण अतिशय उत्साहाचं आहे.

तात्पर्य: बाळांनो, कुठंही निघण्याआधी चार जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि सगळं नीट ठरवावं. म्हणजे जावं लागत नाही.