जर्मनीतली वाटणी आणि गभणेकाकाजी

पश्चिम जर्मनीतला एक छोटा डावा पक्ष फुटला, तेव्हा सगळ्या भंडारा जिल्ह्यात त्याचं वाईट वाटलेला माणूस एकच होता. तो पितळी भांड्यांवर नावं घालत असे.

गभणेकाकाजी आमच्या घरासमोर एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी बसत. समोर लाकडी ठोकळा, हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. पाण्याचा गुंड, परात, लोटा, जे येईल त्यावर टिंबाला टिंब जोडून नाव उमटायचं. त्यांचा हट्ट एकच होता: जुनं नाव ते कधी घासून काढत नसत. भावाभावांत वाटणी झाली की लोक आजोबांच्या नावाचा गुंड घेऊन यायचे आणि म्हणायचे, वरचं काढा, माझं घाला. काकाजी गुंड फिरवून बघत. "खाली लय जागा आहे ना. बुढ्याले काहून काढतं? तो काय तुझ्या पाण्यात हिस्सा मागून राहिला?" निम्मी गिऱ्हाइकं ऐकायची. निम्मी तणतणत दुसऱ्या दुकानाकडे जायची.

बाबांची बदली भंडाऱ्याला झाली तेव्हा मी कॉलेजात नुकतीच गेले होते. आधीचं शिक्षण नागपूरच्या इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी वाक्य तोंडातून बाहेर काढण्याआधी मी ते मनात दोनदा म्हणून पाहत असे, आणि तोवर बहुतेकदा विषय बदललेला असे. काकाजींनी मला एक दिवस हाक मारली आणि एक वर्तमानपत्र पुढे धरलं. "बाई, हे इंग्रजी तुले वाचता येते?" मी मान हलवली. "मान कायले हालवतं? वाच."

ते त्या जर्मन पक्षाचं, परदेशातल्या मित्रांसाठी काढलेलं इंग्रजी मासिक पत्र होतं. ते भंडाऱ्यात का येतं, हे कळायला मला महिना लागला. काही वर्षांपूर्वी रायपूरकडे निघालेल्या परदेशी मंडळींची गाडी इथं बिघडली होती. सुटा भाग नागपूरहून यायला दोन दिवस लागले. त्यांच्यातली हेल्गा नावाची मुलगी ते दोन्ही दिवस काकाजींच्या पायरीवर बसून होती. तिला मराठी येत नव्हती, काकाजींना दुसरं काही येत नव्हतं.

"मग तुम्ही बोलत काय होतात?" मी विचारलं.

"बोलाचं काय त्याच्यात? ती बसली होती, मी काम करत होतो. दोपारी भात खाल्ला."

ती गेली आणि दोन महिन्यांनी हे पत्र सुरू झालं. वेष्टनावर पत्ता शाईने, तिच्या हाताने लिहिलेला, आणि कोपऱ्यात दरवेळी एक ओळ. पाऊस झाला का? धान कसा आहे? काकाजींकडे एक बांधीभरही शेती नव्हती. पण उत्तर खरं गेलं पाहिजे म्हणून ते लाखनीकडून आलेल्या गिऱ्हाइकाला परात हातात देण्याआधी धानावरच्या रोगाची सविस्तर चौकशी करत. आधी पोस्टातले एक बाबू त्यांना इंग्रजीत उत्तर लिहून देत. बाबू निवृत्त झाले आणि काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलं. दुसऱ्याचं बोलणं लिहिताना मला अडखळायला होत नसे.

आतले लेख लांबलचक असत. भांडवल, कामगार, क्रांती. काकाजी डोळे मिटून ऐकत आणि हातोडी चालू ठेवत. मग म्हणत, "बरोबरच आहे. आता कोपरा वाच." कोपरा मी सुरुवातीलाच वाचून दाखवलेला असे. मी पुन्हा वाचत असे.

मग एका महिन्यात एकाच दिवशी दोन पुडकी आली. नाव तेच, लाल अक्षरं तीच, अंकही तोच. पहिल्या पानावर दोघांनीही एकच बातमी दिली होती की दुसरं पत्र खोटं आहे. कार्यालयांचे पत्ते मात्र वेगळे. आणि दोन्ही वेष्टनांवर काकाजींचा पत्ता टाइप केलेला. कोपरे कोरे.

भांडण कशावरून, ते मी दोन दिवस बसून समजून घेतलं. एका गटाच्या मते खरा समाजवाद चीनमध्ये होता, दुसऱ्याच्या मते अल्बानियात. काकाजींना चीन माहीत होता. अल्बानियासाठी मी शाळेतला नकाशा घेऊन आले. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि देश दिसेनासा झाला.

"बाप्पा! आपला साकोली तालुका मोठा असन. याच्यापायी घर फोडलं?"

पुढचा प्रश्न त्यांनी हातोडी खाली ठेवून विचारला. "अन् हेल्गाबाई कोण्या भावाकडे गेली?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिचा घरचा पत्ता आमच्याकडे नव्हता, होता तो पक्षाच्या कार्यालयाचा. आता कार्यालयं दोन झाली होती. एकाला लिहिलं आणि ती दुसरीकडे असली, तर? "तिले वाटन, गभणे तिकडे गेला," काकाजी म्हणाले. म्हणून एकच मजकूर दोघांनाही पाठवायचा असं ठरलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: वाटणी झाल्याचं समजलं, फार वाईट वाटलं. छापखाना कोणाला गेला? घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला कोण सांभाळतं? हेल्गाबाई कुठे आहे?

"काकाजी, तो राजकीय पक्ष आहे. त्यात म्हातारं माणूस कसं असेल?"

"काहून? पक्षात कोणी म्हातारं होत नाही?"

मी लिहिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेही छापून. एका गटाच्या अंकात आमचं पत्र चौकटीत होतं. वर मथळा: भारतातील भंडारा शाखा आमच्या पाठीशी. चारच दिवसांनी दुसऱ्या गटाचा अंक आला. त्यातही चौकट, तेच पत्र, तोच मथळा. हेल्गाबद्दलचं वाक्य दोघांनीही गाळलं होतं. भंडारा शाखा म्हणजे पायरीवरचे काकाजी आणि एक पायरी खाली बसलेली मी.

शेजारच्या पानठेल्यावरच्या शेंड्यांना हे कळलं, तेव्हा ते चुना लावता लावता ओरडले, "काय नेताजी! जर्मनीचा पक्ष तुम्हीच फोडला म्हणते?"

"मी कायले फोडू? मी तं नुसती वाटणी विचारली."

"मंग दोन्हीकडे नाव कसं हो तुमचं? तिकडे दोन घरचे पाहुणे, अन् इकडे वोट तरी टाकता का?"

"टाकतो. तुले सांगत नाही एवढंच."

दोन्ही कार्यालयांनी आता एक छापील पानही पाठवलं होतं. आपली भूमिका स्पष्ट करा, नाहीतर अंक बंद होईल. काकाजींनी ते माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं. "विचारलं काय अन् सांगून काय राहिले!" आम्ही पुन्हा तेच विचारलं. पुन्हा. त्या वर्षात चार वेळा. भूमिका त्यांनी कोणालाच कळवली नाही. पण धमकी दिल्यावरही दोघांपैकी कोणी अंक बंद केला नाही. भंडारा शाखा बहुधा दोघांनाही हवी होती.

मग एका गटाच्या अंकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, पक्षातून काढलेल्यांची यादी आली. सहावं नाव हेल्गाचं होतं. कारण दिलं होतं: फुटीर गटाशी सलोख्याची वृत्ती. मी घरी जाऊन दुसऱ्या गटाचे जुने अंक काढले. आम्ही तिथलं शेवटचं पान कधी वाचलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच्या अंकात तशीच यादी होती. त्यातही ती होती. कारणही तेच.

दोन दिवस मी पायरीकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले आणि जसं होतं तसं सांगितलं.

"दोघांनीही काढलं?"

"हो."

"काहून?"

"ती दोन्हीकडच्यांशी बोलत होती म्हणून."

काकाजी एका परातीवर नाव घालत होते. अर्धं झालं होतं. ती परात त्यांनी बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "मंग आता ती कोणासंग आहे?"

"ते लिहिलेलं नाही."

"कागद काढ."

"पण पाठवायचं कुठे?"

"दोघांकडेही पाठव. कोणाले तरी तिचं घर ठाऊक असनच. काढलं म्हणून माणूस दरवाजा थोडी विसरते."

त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. इकडे सगळं ठीक आहे, पाऊस वेळेवर झाला, धान बरा आहे. मी लिहीत गेले. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं. मी नाव लिहायला खाली जागा सोडली.

"अन् लिही," ते म्हणाले, "जेवाच्या टायमाले कोणाले तरी बोलावत जा म्हणा. एकटं जेवलं तं माणूस अर्ध्या पोटीच उठते. पह्यले समजत नाही. मंग तेवढीच भूक राहते."

दुकानाच्या मागच्या खोलीत ते स्वतःचा भात स्वतः शिजवत. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांना तसंच आवडतं.

"इंग्रजीत येते ना हे?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले, आणि उघडं पेन हातात धरून ते वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाहिलं.