पाळणाघराच्या विकीचे स्थलांतर आणि तांबड्या अक्षरांचा दगा

कसबे सोलापूर, प्रांत जुळे सोलापूर, येथील चिमणपाखरे पाळणाघराचे समस्त पालक यांणी गटावरून आज्ञा केली की, विकीची मोहीम कैसी जाहली, कोण झुंजले, कोण नुसते अंगठे दाखवीत बसले, हे साद्यंत लिहोन ठेवावे; त्यावरून यथामती लिहिले असे.

विकी म्हणजे जालावरील पानांचा मुलूख. कोण्याही पालकाने यावे, लिहावे, दुसऱ्याचे खोडावे आणि मग गटावर भांडावे, ऐसा तेथील रिवाज. परंतु पाळणाघराच्या किल्लेदार सुंदरम्मा रोज सकाळी टॅबवर तीच पाने वाचोन मुलांचे खाणे, निजणे, औषधपाणी चालवीत. विकीत असेल ते करावे, नसेल ते ब्रह्मदेव आला तरी न करावे, हा त्यांचा बाणा.

त्या मुलखी वज्रचुडेमंडित वैजयंतीबाईसाहेब यांचे चिरंजीव उदयसिंह, वय वर्षे दोन, यांस शेंगदाण्याचे वावडे. एक दाणा पोटी जाता ओठ सुजावे, श्वास कोंडावा. आणि वास्तव्य कोठे, तर सोलापुरी, जेथे भाजीत कूट, भाकरीवर चटणी, गनीम घरोघर ठाण मांडोन बसलेला. सबब बाईसाहेबांनी चिरंजीवांचे पानी निषिद्ध पदार्थ तांबड्या अक्षरांनी लिहोन ठेविले, विकीत असेल तेच करावे ऐसे सुंदरम्मांस बजाविले, आणि त्या एका पानाच्या भरवशावर त्या कचेरीत जात, आणि तरीही दुपारभर पाळणाघरास फोनवर फोन करीत.

ऐशास वर्तमान आले की विकीचे सॉफ्टवेअर जुने जाहले, त्याचा बंदोबस्त पाहणारे उठोन गेले, चोरवाटा उघड्या पडल्या, नवी आवृत्ती घेतल्यावाचून इलाज नाही. मागे एकवार हा प्रसंग केला तेव्हा मराठी अक्षरे गारद होवोन पानोपानी प्रश्नचिन्हांच्या फौजा उभ्या राहिल्या, ती दहशत अद्याप होती. तेव्हा पालकांपैकी संगणकविद्यानिपुण राजश्री गुरप्पा यांणी मसलत दिली की, हल्ली स्थलांतराचे हत्यार निघाले आहे, ते जुनी पाने उचलोन नव्या आवृत्तीत नेऊन मांडते, आणि खरी स्वारी करण्याआधी नकलेवर तालीम करोन दाखविते.

"वैनी, बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. एवढंच की."

बाईसाहेबांस 'एवढंच' या शब्दाचे भय फार.

रविवारी तालीम जाहली. हत्याराने कळविले की सर्व पाने सुखरूप पोचली, एक अक्षर हरवले नाही. गटावर टाळ्या, पेढे, फटाके यांच्या चित्रांचा वर्षाव जाहला. आणि मग बाईसाहेबांनी चिरंजीवांचे पान उघडिले, तो पायाखालची फरशी सरकली. अक्षरे आली, रंग जुन्या मुलखीच राहिला! काळा मजकूर स्वच्छ दिसे तो ऐसा: उदयसिंह, खाणे, शेंगाचटणी, दाण्याचा लाडू, चिक्की, कूट घातलेली खिचडी. निषेध काय तो त्या तांबड्या रंगात होता. तो जाता मेजवानीचा बेत जाहला.

"रंग काय, मागनं भरू की," गुरप्पा बोलले.

"मागनं? गुरप्पाभाऊ, उद्या सकाळी सुंदरम्मा हे वाचून त्याला लाडू भरवतील!"

गुरप्पांच्या हातचा चहा हातीच राहिला. मग इतरांची पाने पाहिली, तो सर्वांची चाल तीच. नको ते तांबडे. तेव्हा बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, जेथे जेथे तांबडे अक्षर, तेथे तेथे हत्याराने 'देऊ नये' हे शब्द जोडावे, अपवाद न करावा.

"सगळीकडं? आधी बगू तरी, काय काय तांबडं हाय ते."

"एकही सुटता कामा नये."

हुकुमाप्रमाणे हत्यारास शिकविले, दुसरी तालीम केली, आणि शेंगाचटणी देऊ नये, चिक्की देऊ नये, ऐसे ठळक उमटले. बाईसाहेबांनी खाण्याचे सदर पुन्हा पुन्हा वाचिले, डोळे पाणावले, खालची सदरे वाचावयाची राहिली. मग खरी स्वारी होवोन विकी नव्या आवृत्तीत दाखल जाहली.

सोमवारी सायंकाळी बाईसाहेब कचेरीतून थेट पाळणाघराच्या दारी पातल्या. जाळीआड सुंदरम्मा, कडेवर उदयसिंह. कडी निघेना.

"ताई, लेकरू देता येत न्हाय."

"म्हणजे?"

"विकीत लिवलंय की. न्यायला येनार: वैजयंती, आई. फुडं लिवलंय, देऊ नये."

तेव्हा बाईसाहेबांस स्मरले की, आपले नाव लांबून दिसावे म्हणोन आपणच ते तांबडे केले होते.

"अहो सुंदरम्मा, ती मीच!"

"तुमीच की. म्हनून तर तुमालाच सांगतेय. विकीत असंल तेच करायचं, तुमीच म्हनलता न्हवं?"

चिरंजीव जाळीतून बिस्किट दाखवोन हसत होते. बाईसाहेब प्रथम संतापल्या, मग रडकुंडीस आल्या, आणि मग त्यांणी दारीच उभ्या राहोन फोनवर नवे पान उघडोन ते दोन शब्द खोडिले. सुंदरम्मांनी टॅब पाहिला, ओळ बोटाने वाचिली, आणि मगच कडी काढिली.

लेकरू कवेत येता बाईसाहेबांचे मनी आले की, जी बाई आईस लेकरू देईना, ती लेकरास दाणा काय देणार!

येणेप्रमाणे विकीचे स्थलांतर फत्ते जाहले, गनीम रंगाविना जेरबंद जाहला, गुरप्पांस थंड चहाची बक्षिसी मिळाली. आणि मंगळवारी दुपारी बाईसाहेबांनी पाळणाघरास एकही फोन केला नाही. एक गेला, तो चुकून लागला, ऐसे त्या सांगतात.