कूलंट नेतं कोण?

सासऱ्यांचा फोन ठेवल्याठेवल्या साशंकरावांनी खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. (साशंकराव हे नाव मेव्हणीने ठेवलेलं. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून तपासून माणूस असा झाला, की मुळात असा होता म्हणूनच तिथे टिकला, यावर सासरी अजून एकमत नाही.)

गाडी सासऱ्यांची. जावयाला वापरायला दिलेली, पण कागदोपत्री अजून त्यांचीच. "रविवारी येतो. नीट ठेवली असेल, तर तुमच्या नावावर करून टाकू," एवढंच ते फोनवर म्हणाले. त्या 'असेल तर'ने साशंकरावांची झोप उडवली. ऑफिसात सगळ्यांना 'माझी गाडी' म्हणून सांगून झालं होतं.

इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटची छोटी टाकी त्यांनी निरखून पाहिली. नुकतेच ऑफिसातून गाडी घेऊन आले होते. पातळी वरच्या रेघेला टेकलेली. उत्तम! सकाळी खात्री करायला पुन्हा पाहिलं, तर पातळी चांगली बोटभर खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाहिलं, तर पातळी पुन्हा वर!

दुसरा कुणी असता तर गाडीचं पुस्तक उघडून बसला असता. साशंकरावांनी बायकोला आत बोलावून दार लावून घेतलं.

"टोळी आहे," ते कुजबुजले. "रात्री इथून कूलंट काढतात, आणि मला कळू नये म्हणून दिवसा ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाणी भरून ठेवतात."

"अहो, पण एवढं करून त्यांना मिळतं काय?"

"तेच तर शोधायचंय!"

रात्रीच्या चोराबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. माणसाच्या तोंडातला दात त्याला कळू न देता जो काढतो, त्याला बॉनेट म्हणजे किस झाड की पत्ती! शिवाय तो रोज सकाळी हसून बोलायचा. विनाकारण कोण हसतं?

"काही हरवलंय का?" साशंकराव टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलेले पाहून डॉक्टरांनी विचारलं.

"हरवलेलं नाही. नेलेलं आहे," साशंकराव त्यांच्या डोळ्यांत रोखून बघत म्हणाले. डॉक्टर हसले. साशंकरावांनी तेही ध्यानात ठेवलं.

आता टाकीत कूलंट किती आणि चोरांनी घातलेलं पाणी किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. सगळं काढून, आतून धुऊन नवं भरायचं ठरलं. "गॅरेजात द्या ना," बायको म्हणाली. पण गॅरेजवाला टोळीत नसेल कशावरून? साशंकराव स्वतः डबा घेऊन आले. आणि डबा चोराच्या नजरेला पडू नये म्हणून त्यातलं कूलंट त्यांनी फरशी पुसायच्या द्रावाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, आणि ती बाटली न्हाणीघरात खऱ्या बाटलीच्या शेजारी उभी केली. दोन्ही हिरव्यागार. बायकोला सांगितलं नाही. (बायकोवर संशय नव्हता. पण ती डॉक्टरांच्या बायकोशी जिन्यात बोलते.)

शनिवारी त्यांनी गार गाडीच्या रेडिएटरखाली टब लावून बूच काढलं. तपकिरी पाणी धो धो आलं. "चहा! गॅरेजवाल्याने चहा ओतलाय!" ते ओरडले. मग स्वच्छ पाणी भरायचं, हीटर लावून इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. पाणी नितळ येईपर्यंत त्यांनी दिवसभर हेच केलं. कंबर धरली, सदरा वाया गेला, पण काम खरोखरच चोख झालं. नवं कूलंट मात्र रविवारी सकाळी घालायचं ठरलं. रात्रभर गाडीत ठेवायचं म्हणजे चोराला आग्रहाने जेवायला बोलावण्यासारखंच.

रविवारी उठून त्यांनी न्हाणीघरातली बाटली घेतली आणि रेडिएटर काठोकाठ भरला. एकच बाटली दिसली, तीच घेतली. दुसरी कुठे गेली, हा एकमेव प्रश्न त्या आठवड्यात त्यांना पडला नाही.

सासरे आले, आणि उंबरठा ओलांडताच खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेले. सोफा होता म्हणून थांबले.

"बाबा, लागलं नाही ना? तुम्ही येणार म्हणून सकाळी उठून पुसली हो फरशी!" बायको रडकुंडीला आली. "आज एवढी निसरडी कशी काय झाली, कोण जाणे."

साशंकराव फरशीकडे संशयाने पाहू लागले. पण सासऱ्यांनी कंबर चोळत किल्ली मागितली. "चला, फिरवून बघतो. मग सही."

साशंकराव शेजारी बसले, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी झकास गेली. चढावर बॉनेटच्या फटींतून फेस येऊ लागला. आधी जरासा, मग भराभर. बघता बघता पुढच्या काचेतून काही दिसेनासं झालं आणि रस्ताभर लिंबाचा घमघमाट सुटला. सासऱ्यांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. समोरून येणारे डॉक्टर धावले.

"झाकण उघडू नका! गार होऊ द्या!"

"बघा, यांना सगळी माहिती आहे!" साशंकराव ओरडले. "विचारा यांना, रात्री माझं कूलंट कुठे जातं ते!" आणि त्यांनी फेसात उभ्या उभ्या अख्खी टोळी उघडी पाडली.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जावईबापू, संध्याकाळी बघायचात तेव्हा गाडी चालून आलेली असायची ना? गरम असलं की कूलंट वर चढतं, गार झालं की उतरतं. माझ्याकडे होती तेव्हापासून असंच आहे."

या वेळी डॉक्टर हसले नाहीत, आणि तेच साशंकरावांना फार लागलं.

गाडी गॅरेजात ओढून नेली. घरी आल्यावर सासऱ्यांनी कागद काढले आणि नव्या मालकाच्या जागी मुलीचं नाव घातलं.

"यांची सही कुठेच नको का?" बायकोला कीव आली.

"हवी तर. साक्षीदार म्हणून करू दे."

साशंकरावांनी सही केली. सासऱ्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, सही उलटसुलट निरखली आणि हळूच मुलीला विचारलं, "यांचीच आहे ना गं?"